तळमजल्यावरची या-या

ती कशालाही 'या' म्हणायची. बाहेर पाऊस आहे का? या. दात दुखतोय का? या. नवरा वारला का? या. जर्मन लोक 'हो'ला 'या' म्हणतात, हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी ते ठाऊक नव्हतं, आणि त्यातूनच आमची ओळख झाली.

माझा मुलगा संजय बर्लिनला युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी कचरा टाकायला खाली उतरले, तर तळमजल्याच्या एका दारात माझ्याच वयाची बाई स्टुलावर बसून मिरच्या चिरत होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगावर पायघोळ घागरा. आपल्याकडचीच कुणीतरी वाटली. मी मराठीत विचारलं, "इथंच राहता का?" ती मान हलवून म्हणाली, "या, या."

एवढ्या अगत्यानं कुणी बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? मी चपला बाहेर काढल्या, आत गेले आणि सोफ्यावर बसले. ती हातात सुरी घेऊन माझ्या अनवाणी पायांकडे बघत उभी राहिली. मग सुरी ठेवली आणि काळी, गाळ उरणारी कॉफी केली. संजय मला शोधत खाली आला तोवर माझा दुसरा कप झाला होता. तो हसून हसून भिंतीला टेकला. म्हणाला, "आई, त्या तुला 'हो' म्हणत होत्या." मी म्हटलं, हो म्हणाली असेल, पण ऊठ तर म्हणाली नाही ना. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव या-या पडलं. खरं नाव मला दोन-तीनदा सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर टिकलं नाही.

त्या दिवशी मी बसून राहिले त्याचं खरं कारण कॉफी नव्हती. तिच्या सोफ्याखाली मला एक लाल बूट दिसला होता. छोटा, डाव्या पायाचा. तो माझ्या नातीचा होता.

मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी बालवाडीत जायची. संजय आणि मेधा, माझी सून, दोघंही उशिरा घरी यायचे. मला फोनवर एवढंच सांगितलेलं, की खालच्या बाई बघतात तिला. मी समजत होते, 'बघतात' म्हणजे लक्ष ठेवतात. तर तसं नव्हतं. बालवाडीतून आणायची ती, जेवायला घालायची ती, दुपारी झोपवायची ती. मुक्ताचा दुसरा टूथब्रश तिच्या घरात होता. आणि मुक्ता तिला 'ओमा' म्हणायची. मी मेधाला विचारलं, ओमा म्हणजे काय? ती म्हणाली, आजी. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अहो आई, इथे सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना ओमा म्हणतात." मी म्हटलं, मग मला का म्हणत नाही? "तुम्ही आजी आहात ना." उत्तर बरोबर होतं, पण माझ्या गळी ते काही उतरलं नाही.

आपल्या वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची मुलं तिकडे आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. आईबापांना व्हिसा मिळतो तीन महिन्यांचा. दर वर्षी उन्हाळ्यात मी जायचे. पहिला महिना मुक्ता मला ओळखण्यात घालवायची. दुसऱ्या महिन्यात माझ्या मांडीवर बसायची. तिसऱ्यात माझी बॅग बघून पुन्हा लांब व्हायची. राहिलेले नऊ महिने कुणाचे? तळमजल्याचे. मी मराठीत बोलायचे ते तिला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. या-याचं जर्मन मोडकं होतं, असं मेधाच म्हणायची. पण मोडकं का असेना, त्या दोघींचं एक होतं. मी चौथी शिकलेली बाई. साठीनंतर कुठली भाषा शिकणार?

ती करायची काय, ते मी नीट पाहून घेतलं होतं. एक तर तिचं लाटणं. पडद्याच्या दांडीसारखं लांब आणि बारीक. त्यानं कणकेचा गोळा लाटून मग हाताच्या मुठींवर ताणत ताणत टेबलभर चादरीएवढा करायची. त्यातून टेबलावरची फुलं दिसायची. त्यात पालक आणि पनीरसारखं काहीतरी भरून गुंडाळी करायची आणि भट्टीत टाकायची. मुक्ता ते बोटं चाटत खायची. माझी ज्वारीची भाकरी मात्र तिला 'ट्रोकन' वाटायची. म्हणजे कोरडी. मी या-याचा तो पदार्थ खाल्ला. पातळ होता, नाही म्हणत नाही. मीठ कमी होतं. तसं मी मेधाला सांगितलं, तर मेधा म्हणाली, "आई, आम्हाला तसंच आवडतं." आम्हाला!

ती मला 'फेन' म्हणायची. आपल्यात फेन म्हणजे फेस. मला वाटलं, टिंगल करते. संजयनं विचारून घेतलं, तर त्यांच्या बोलीत फेन म्हणजे बहीण. मी म्हटलं, माझ्या दोन बहिणी आहेत, कराडला आणि उंब्रजला. तिसरी नको.

ती कोसोव्होची. तिथे लढाई पेटली तेव्हा नवऱ्याला घेऊन पळून आली होती. संजयनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. मला त्यातलं एवढं कळलं, की भांडण दोन जमातींचं होतं आणि हिची जमात तिसरी. घर जळलं ते या तिसरीचं. जर्मनीत आल्यावर तिनं आसरा मागितला. सरकारनं तो दिला नाही, पण लगेच परतही पाठवलं नाही. तिच्या हातात जो कागद होता त्याला 'डुल्डुंग' म्हणायचे. मी अर्थ विचारला. संजय म्हणाला, "खपवून घेणं." काही महिन्यांनी तो कागद संपायचा. मग ती चांगला रुमाल बांधून कचेरीत जायची आणि पुढच्या काही महिन्यांचा शिक्का घेऊन यायची.

म्हणजे तिला तो देश खपवून घेत होता आणि मी तिला.

शिक्क्याचा मला राग होता तो असा, की तिला मुदत वाढवून मिळायची आणि मला एक दिवस जास्त मिळायचा नाही. एकदा मुक्ताला गोवर आला, तेव्हा संजय माझ्यासाठी विचारायला गेला होता. त्या लोकांनी नियम दाखवला. मी म्हटलं, हे कसं? ती परकी राहते आणि मी सख्खी जाते? संजय म्हणाला, आई, तिला परतायला जागा नाही, तुला आहे. आपला देश सुरक्षित आहे. मी म्हटलं, मग त्याचीच मला शिक्षा का?

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा मला नीट आठवतो. मी मुक्ताला मराठी शिकवायचा सपाटा लावला होता. हे नाक, हा कान, हे पाणी. ती नुसती बघायची. एक दिवस दुपारी अंगणातून खेळून घामाघूम होऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पानी." माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. मी पाणी दिलं, वर गूळ दिला. संजयला कामावर फोन केला. संध्याकाळी दोघं आल्यावर सगळं पुन्हा सांगितलं आणि म्हटलं, बघा, माझ्या तीन महिन्यांत जे झालं ते तुमच्या नऊ महिन्यांत झालं नव्हतं. संजयनं मुक्ताला जवळ घेऊन विचारलं, कुणी शिकवलं गं? ती म्हणाली, "ओमानं." म्हणजे जर्मनमध्ये म्हणाली, पण तेवढं मला कळलं.

मी तशीच खाली गेले. या-याला पाण्याचा नळ दाखवला. म्हणाली, पानी. नाक दाखवलं. म्हणाली, नाक. कान दाखवला. म्हणाली, कान. सुरी दाखवली, तर म्हणाली, छुरी. आणि माझ्या दंडावर थाप मारून इतकी हसली की रुमाल सुटला. संजयनं मागून येऊन सांगितलं, की तिची जमात शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच बाजूनं चालत चालत तिकडे गेली, त्यांचे शब्द तसेच राहिले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माल आमचा आणि वाटप हिचं. शिवाय तिला 'ण' येत नव्हता, तर मुक्तालाही येईना. मी म्हणायचे, पाणी. मुक्ता म्हणायची, पानी. मी पुन्हा म्हणायचे, पाणी. ती पुन्हा तेच.

आणखी एका गोष्टीचा मला हेवा वाटायचा. तिचा नवरा बर्लिनमध्येच वारला होता. जवळच्या दफनभूमीत त्याची जागा होती. दर रविवारी ती झाडांना पाणी घालायचा हिरवा पत्र्याचा झारा घेऊन निघायची. मुक्ता बरोबर असायचीच. एकदा मीही गेले. तिनं त्याच्यावर लाल फुलांचे जिरेनियम लावले होते. झाऱ्यानं पाणी घालताना ती त्याला बोलत होती. काय बोलते म्हणून मी घरी आल्यावर संजयकडून मुक्ताला विचारून घेतलं, तर तक्रारी सांगत होती. नळ गळतो, गुडघा दुखतो, वरची फेन माझ्यावर खार खाते. माझ्या नवऱ्याच्या अस्थी कृष्णेत सोडल्या. तो कुठे वाहून गेला, कुणाला ठाऊक. मला तक्रार सांगायला जागा नाही, आणि हिला बाकसह होती.

पुढच्या वर्षी, मी गावी असतानाच, तिचा मुलूख वेगळा देश झाला. टीव्हीवर लोक झेंडे घेऊन नाचत होते. मला वाटलं, ही खूश असेल. संजयनं फोनवर सांगितलं, ती दार लावून बसली आहे. मी उन्हाळ्यात गेले तेव्हा तिथल्या बातम्यांत एकच विषय. संजय मला सांगायचा. असा कायदा करा, असं काही पुढारी म्हणत होते, की काही देशांची यादी करायची आणि हे देश सुरक्षित असं जाहीर करायचं. तिथल्या माणसानं आसरा मागितला तर फार चौकशी करत बसायचं नाही. आणि जे राहिलेत त्यांना परत पाठवायचं. मी विचारलं, सुरक्षित आहे हे ठरवणार कोण? म्हणाला, इथले. म्हटलं, ते तिथे राहायला जाणार आहेत का?

खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं होतं. तळमजला रिकामा झाला तर पोर वर येईल, असा माझा हिशेब होता. मग या-या आमच्याकडे आली, संजयला विचारायला, की खरंच यादी झाली का. माझ्या खुर्चीत बसली. कॉफी घेतली नाही. म्हणाली, आणि संजयनं ते मला सांगितलं: "देश सुरक्षित झाला म्हणतात. माझी गल्ली झाली का, ते कुणी विचारलं नाही."

मी संजयला म्हटलं, तिला सांग, माझा देश सुरक्षित आहे म्हणून मला चौथा महिना मिळत नाही. त्यानं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "मग बदलून घेऊ, फेन. माझा तुला, तुझा मला. पानी तर तेच आहे." संजय हसला. मला हसू आलं नाही, कारण क्षणभर मी खरंच विचार केला होता.

आमच्या भागातल्या चर्चमध्ये एक बाई अशा लोकांना मदत करायची. तिनं सांगितलं, की कायद्यात बसत नसलं तरी या माणसाला राहू द्या, असं सुचवणारी एक समिती असते. तिथे अर्ज करू. शेजाऱ्यांनी लिहून द्यावं, की ही इथली झाली आहे, हिची गरज आहे. संजय स्वयंपाकघरात लिहायला बसला. लिहिलेलं मला मराठीत सांगत होता. "त्या आमच्या मुलीला आजीसारख्या आहेत." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, सारख्या लिहिलंस ना? लिहिलंय. मेधा हळूच म्हणाली, "आई, 'सारख्या' लिहिलं तर ते लोक म्हणतील, सारखी म्हणजे नाही. चर्चच्या बाई म्हणाल्या, नातं स्पष्ट लिहा." दोघंही माझ्याकडे बघायला लागली. जणू आजीपद माझ्या नावावरची जमीन होती आणि त्यांना त्यातून रस्ता पाहिजे होता.

तव्यावरची पोळी करपली. मी म्हटलं, "ओमा लिहा. आजी लिहू नका."

संजयनं ओमा लिहिलं. मी खाली माझी सही केली, मराठीत. त्या समितीला ती वाचता आली नसणार, पण केली.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा उत्तर आलेलं होतं. नाही म्हणाले. तिला कमाई नाही आणि इथे रक्ताचं कुणी नाही. पुरलेला नवरा त्यात धरत नाहीत. संजय तिच्याबरोबर कचेरीत गेला. रात्री जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आई, ते म्हणाले, आपण होऊन गेलात तर तिकीट देतो, नाहीतर पोलीस न्यायला येतील. मग विचारलं, स्वखुशीनं जाताय ना? तर ती म्हणाली, या."

आणि तो यादीचा कायदा तेव्हा झालेलाही नव्हता. नुसती चर्चा चालू होती. मी संजयला विचारलं, मग ती कशानं चालली?

ती गेली त्या सकाळी आम्ही सगळे खाली उतरलो. तिची बस दुपारची होती, चर्चची बाई गाडी घेऊन आली होती. सामान दोन पिशव्या आणि ते लांब लाटणं, टॉवेलात गुंडाळलेलं. ती मेधाला भेटली, संजयच्या पाठीवर हात फिरवला. मुक्ताला तिनं जवळ घेतलं नाही. फक्त तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती खाली बसून बांधली. दोन गाठी मारल्या. मग माझ्यासमोर आली, तिचा हिरवा झारा माझ्या हातात दिला आणि काहीतरी म्हणाली. मला वाटलं, येते म्हणाली असेल. जाणारी बाई दुसरं काय म्हणणार? आपल्यात निघालेल्याला 'जा' म्हणत नाहीत. मी म्हटलं, "या." तिनं माझ्याकडे बारकाईनं पाहिलं आणि आणखी काही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "या, या." तेव्हा तिनं माझे दोन्ही हात झाऱ्यासकट धरले, सोडले, आणि गाडीत बसली. मागे वळून पाहिलं नाही.

जिना चढताना मुक्ता माझ्या पुढे होती. सात वर्षांची झाली होती. दुसऱ्या मजल्यावर थांबून मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तू या म्हणाली."

म्हटलं, म्हणाले. मग?

मग तिनं मला सांगितलं, ओमानं काय विचारलं होतं ते. पहिल्यांदा विचारलं होतं, आता ही पोर तुझी एकटीची, झालं ना तुझ्या मनासारखं? मी म्हटलं होतं, या. मग विचारलं होतं, तर माझ्या म्हाताऱ्याला पाणी घालशील? मी म्हटलं होतं, या, या.

मी जिन्यातच बसले. मला फसवल्यासारखं वाटलं. तिला मराठी येत नव्हतं, मला जर्मन येत नव्हतं, आणि तरी त्या बाईनं माझ्याकडून दोन गोष्टींचं कबूल करून घेतलं. मुक्ता म्हणाली, "या म्हटलं की करायला लागतं." हे वाक्य तिला मी शिकवलेलं नव्हतं.

या-याचा एकदाच फोन आला, पोचल्याचा. भावजयीच्या घरात एका खोलीत होती. मुक्ताशी बोलली. नंतर तो नंबर लागेनासा झाला. संजयनं पुष्कळ प्रयत्न केला. तळमजल्यावर आता एक सायकलवाला पोरगा राहतो. तो सगळ्यांना 'हॅलो' म्हणतो.

पोर माझी एकटीची झाली का? नाही. ती शाळेची झाली, मैत्रिणींची झाली, माझे तीन महिने तीनच राहिले. आणि भाकरी अजून कोरडीच आहे.

पण रविवारी आम्ही दोघी जातो. तिथली जागा भाड्यानं असते, ठरावीक वर्षांसाठी. अजून मुदत आहे, मुक्तानं ऑफिसात विचारून घेतलं. जिरेनियम मी काढून टाकणार होते, पण ठेवले. मी बाकावर बसते. कुणाचा कोण तो माणूस, मी त्याला कधी पाहिलेलंही नाही, पण बसल्या बसल्या चार तक्रारी सांगून होतात. गुडघ्याच्या, सुनेच्या. त्याच्या बायकोच्याही सांगते. तो मराठीत समजून घेतो असं दिसतं.

मुक्ता नळावर झारा भरते आणि लांबूनच ओरडून विचारते, "आजी, आणखी पानी?"

पाणी, मी म्हणते. पाणी.

"पानी," ती म्हणते, आणि झारा घेऊन येते.